सतरा मरणांचे मास्तर

रीळ पहिलं

"पोराला नाद कसला हाय?" हौसेरावांनी विचारलं.

प्रश्न साधा होता. दिपेशला गप्पी मासे पाळायचा नाद होता. त्याच्या खोलीत काचेच्या तीन टाक्या होत्या आणि प्रत्येक माशाला नाव होतं. तो तसं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याच्या वडिलांची, म्हणजे धर्मराजशेटची, नजर हौसेरावांच्या मनगटावर गेली. ते मनगट नव्हतंच, खांबाचा तुकडा होता. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं मार्केटात कांद्याच्या गोणी पाठीवर वाहिलेला माणूस, आता हमालांच्या टोळीचा मुकादम. बोनकोड्यात धर्मराजशेटच्या घरात पाऊल ठेवल्यापासून ते गावच्या जत्रेतल्या मर्दानी खेळाच्याच गोष्टी सांगत होते. दांडपट्टा कसा फिरायचा, माणसाच्या डोक्यावरचं लिंबू कसं उडायचं, आणि केसालाही धक्का कसा लागायचा नाही. अशा माणसाच्या पोरीला मागणी घालायची आणि नाद सांगायचा गप्पी मासे?

"तलवार," धर्मराजशेट म्हणाले.

दिपेशच्या घशात चिवडा अडकला.

"कसली तलवार वं?"

"आमचा दिपेश तलवार चालवतंय. लहानपनापासून. वरती आमचे गच्चीवर मास्तर हाय, शिनेमातला. त्याच्याकरं शिकला."

यातलं गच्चीवर मास्तर आहे एवढं खरं होतं.

हौसेरावांनी चहाची कपबशी खाली ठेवली. चेहरा असा उजळला की शेजारी बसलेल्या रंगूबाईंनी, त्यांच्या बायकोनं, दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "मग इतका वेळ बोलला न्हाय ते! साखरपुड्यात होऊ द्या की दोन हात. आमचा सनी हायच."

सनी म्हणजे हौसेरावांचा मुलगा, दिपेशचा होणारा मेहुणा. दंड शर्टात मावत नव्हते. आपलं नाव ऐकताच त्यानं मान खाली घालून मोबाइलमध्ये एकदम लक्ष घातलं. दिपेशला तो तुच्छतेचा कळस वाटला.

"सनीपुढं पाच मिन्टं टिकलं पोरगं, की तिथंच लग्नाची तारीख काढतो," हौसेराव म्हणाले. "न्हाय टिकलं, तर बगू पुढच्या साली."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या प्रियदर्शिनीनं, हौसेरावांच्या मुलीनं, डोळे मिटून घेतले. ती आणि दिपेश बंदराजवळच्या द्रोणागिरीला शेजारशेजारच्या गोदामांत कामाला होते आणि तीन वर्षांपासून एकमेकांना 'पुढच्या साली' सांगत होते. पहिल्यांदा हौसेरावांच्या चुलत्याचं सुतक आलं, दुसऱ्यांदा गावच्या घराचा स्लॅब.

पाहुणे गेल्यावर दिपेशनं वडिलांना गाठलं. "पप्पा, हे काय बोलून बसलात?"

"मंग काय सांगू? मासं पालतंय? आपले सात पिढ्यांनी मासं पकरलं आनि खाल्लं. पालनारा तूच पयला."

"मला तलवार कुठल्या बाजूनं धरतात ते माहीत नाही!"

"एक बाजू धार असते, दुसरी मूठ. दोनच तर बाजू हान. साखरपुड्याला बारा दिस हायत, जा वरती."

तेवढ्यात प्रियदर्शिनीचा मेसेज आला. *तिसऱ्यांदा पुढचं साल आलं तर मी आत्याच्या मुलाशी लग्न करीन. त्याला निदान विळा धरता येतो.*

रीळ दुसरं

शिवा मास्तर गच्चीवरच्या खोलीत चाळीस वर्षं भाड्यानं राहत होते. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात त्यांनी वॉचमनची नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता ब्याऐंशीव्या वर्षीही पाठ अशी ताठ, की पाठीमागून पाहणाऱ्याला वाटावं कोणी तरुण माणूस म्हाताऱ्याचे कपडे घालून फिरतोय. 'कडलकोट्टै वीरन', म्हणजे सागरकोटाचा वीर, नावाच्या फार जुन्या तमिळ तलवारपटात त्यांनी काम केलंय, हे बोनकोड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो पिक्चर मात्र बोनकोड्यात कोणी पाहिलेला नव्हता.

"तलवार शिकायची?" मास्तरांनी विचारलं. डोळ्यांत पाणी. "तंबी, चाळीस वर्षं मी गच्चीवर आहे. कोनी विचारला नाय."

"मास्तर, फक्त पाच मिनिटांपुरती पाहिजे."

"पाच मिनिटं? त्या पिक्चरमध्ये जिन्यावरची लढाई आहे. मोठी. बेचाळीस नंबरची. ती देतो तुला."

मग त्यांनी शिकवण्याआधी सांगायला सुरुवात केली, आणि दिपेश ऑफिसला उशीर झाला तरी ऐकत बसला. सागरकोटाचा सागर हा स्टुडिओतला हौद होता, कंबरेएवढ्या पाण्याचा. जहाज पुढून लाकडाचं आणि मागून नुसते बांबू. किल्ला पुठ्ठ्याचा. पाऊस आला की किल्ल्याचा बुरूज वाकायचा, मग शूटिंग बंद, आणि राजा, सेनापती, चाचे सगळे मिळून शेगड्या पेटवून किल्ला वाळवत बसायचे. तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी कागद. खणखणाट नंतर यायचा. एक माणूस माइकसमोर दोन पळ्या आपटायचा, आणि त्याचा हात दुखायला लागला की लढाई संपायची.

"आणि लढायचे फास्ट ना?"

"हळू! एकदम हळू." मास्तरांनी हात असा पुढे नेला, जसं कोणी झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतंय. "आमी हळू लढायचा, कॅमेरा पन हळू चालवायचा. मग पडद्यावर बघ, वीज! आनि प्रत्येक वाराला नंबर. नंबर चुकला की डोळा गेला."

पावण्यात सरकत्या खिडक्या बनवणारा एक ओळखीचा होता. त्याच्याकडून मास्तरांनी अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या दोन तलवारी कापून आणल्या. एक दिपेशच्या हातात दिली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसले. दिपेशच्या समोर शत्रू म्हणून पाण्याची टाकी होती, हजार लिटरची. मास्तरांनी तमिळमध्ये मोजायला सुरुवात केली.

"ओण्णु!"

डावा पाय मागे, कोपर वर.

"रेंडु!"

वार अडवायचा, उजवा पाय मागे.

"मूणु!"

पुन्हा अडवायचा, पुन्हा मागे. दिपेश दहाव्या नंबरापर्यंत गच्चीच्या कठड्याला जाऊन टेकला.

"मास्तर, यात पुढं कधी जायचं?"

"आधी पाया पक्का कर, तंबी."

बेचाळिसावा नंबर चौथ्या दिवशी आला. मागच्या मागे तीन पायऱ्या चढायच्या, गर्रकन वळायचं, डावा हात छातीवर ठेवायचा, आकाशाकडे बघायचं आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली यायचं.

"पडायचं?"

"पडल्याशिवाय लढाई संपते काय?"

शाळेत असताना दिपेश आठ दिवस ज्यूदोला गेला होता. तिथंही पहिल्यांदा पडायलाच शिकवलं होतं. त्यामुळे त्याला यात वावगं वाटलं नाही. मास्तरांच्या खांद्याला रोज सकाळी मलमाचा वास यायचा एवढंच त्याच्या लक्षात आलं. "काल संध्याकाळी थोडा काम होता," मास्तर म्हणायचे. प्रियदर्शिनीनं एकदा सहज मास्तरांचा नंबर मागून घेतला, त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

रीळ तिसरं

(हे रीळ गहाळ आहे. त्यात दिपेश फक्त मागे जात होता.)

रीळ चौथं

साखरपुडा रविवारी. शुक्रवारी दुपारी, द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात, दिपेश डबा खाऊन ट्रेलरच्या सावलीत उभा होता. ट्रेलरचा ड्रायव्हर तमिळ निघाला, तुतुकुडीचा. दिपेशनं सहज पिक्चरचं नाव काढलं, तसा ड्रायव्हरनं दिपेशच्याच मोबाइलवर ते तमिळ लिपीत टाइप केलं, आणि पिक्चर सापडला. कोणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतला होता. कोपऱ्यात कायम जाहिरातीतली केसांच्या तेलाची बाटली.

दिपेशनं मास्तरांना लगेच ओळखलं. पंधरा-सोळा वर्षांचे असतील, पण पाठ तीच.

"ये मेरे गुरुजी हैं," तो अभिमानानं म्हणाला.

गुरुजी तटावर पहारा देत होते. हिरो दोराला लटकत आला. गुरुजींनी एक वार अडवला, मागे गेले, छातीवर हात ठेवला आणि तटावरून हौदात पडले.

"मर गया," ड्रायव्हर म्हणाला.

सहा मिनिटांनी तेच गुरुजी, आता मिशी लावून, राणीच्या महालाबाहेर उभे होते. हिरो आला. गुरुजी अडवत अडवत मागे गेले आणि कारंज्यात पडले.

"ये तो वही है! अभी तो मरा था!"

दाढी लावून ते घोड्यावरून पडले. डोळ्यावर पट्टी बांधून जहाजावरून पडले. एकदा तर झाडामागून नुसते पडले, हिरो अजून आलाही नव्हता. ड्रायव्हर बोटांवर मोजत होता. शेवटी जिन्यावरची मोठी लढाई आली. हिरो वीज चमकावी तसा पुढे पुढे येत होता आणि त्याच्यासमोर टक्कल लावलेले शिवा मास्तर, ओण्णु, रेंडु, मूणु, दिपेशला पाठ असलेलं एकेक पाऊल टाकत मागे मागे जात होते. तीन पायऱ्या. गर्रकन वळणं. छातीवर हात. आकाश.

"सत्रह," ड्रायव्हर आदरानं म्हणाला. "सत्रह बार मरा आपका गुरुजी."

दिपेशनं मास्तरांना फोन लावला. "मास्तर! तुम्ही मला मरायला शिकवलंत!"

"पिक्चर बघितला?" मास्तरांचा आवाज फुलला. "कसा वाटला? कारंज्यातला बघितला?"

"अहो, मला हिरोची बाजू शिकवायची ना!"

"ती मला कशी येनार?" मास्तर खरंच बुचकळ्यात पडले. "मी समोर होतो, तंबी. डोळे मिटून."

"डोळे मिटून?"

"तलवार अंगावर येते म्हनल्यावर कोन उघडे ठेवतो? मी नंबर ऐकून लढायचा." मग त्यांचा आवाज जरा दुखावला. "आनि मरनं सोपं वाटतं काय तुला? हिरोला फक्त हात फिरवायचा असतो. तो किती शूर आहे ते मरनारा ठरवतो."

फोनमध्ये मागून खण खण असा आवाज येत होता. "तो आवाज कसला?" दिपेशनं विचारलं.

"टाकी साफ करतात," मास्तर घाईनं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दिपेश ट्रेलरच्या चाकाला टेकून बसला आणि हिशेब करू लागला. एका नंबराला आठ सेकंद. बेचाळीस नंबर. तीनशे छत्तीस सेकंद, म्हणजे पाच मिनिटं छत्तीस सेकंद. हौसेरावांची अट काय होती? पाच मिनिटं टिकायचं. जिंकायचं असं कुठं म्हणाले होते ते? सनी पुढे येणार, आपण अडवत मागे जाणार, आणि पाच मिनिटं उलटून गेल्यावर इज्जतीत पडणार. मेहुण्याच्या हातून हरलं तर मुलीकडचेही खूश. सनीनं नुसतं पुढे यायचं, बस. आणि त्या दंडांचा माणूस दुसरं करणार तरी काय?

मध्यंतर

शनिवारी दिपेशनं तिन्ही टाक्यांचं पाणी बदललं आणि प्रत्येक माशाशी दोन शब्द बोलून घेतले.

रीळ पाचवं

कोपरखैरण्याचा हॉल. अंगठ्यांचा मुहूर्त बारा सत्तावन्नपर्यंत. हॉलच्या दारात धर्मराजशेटनी फ्लेक्स लावला होता. त्यावर दिपेशचा चष्म्यातला फोटो, हातात तलवार, मागे सिंह आणि खाली 'तलवारबहाद्दर'. सिंहाचा चेहरा दिपेशपेक्षा शांत होता.

स्टेज आणि जेवणाची टेबलं यांच्या मधोमध लाल गालिचा मोकळा ठेवला होता. उजव्या हाताला बोनकोडे, डाव्या हाताला सातारा. मास्तर इस्त्रीची पांढरी लुंगी नेसून गालिच्याच्या कडेला खुर्चीवर बसले होते, मांडीवर हात, डोळे मिटलेले.

दिपेश स्टेजकडे पाठ करून उभा राहिला. सनी जेवणाच्या टेबलांकडे पाठ करून. दोघांच्या मध्ये एक हात अंतर. सनीच्या कपाळावर घाम होता. जिममधून आला असेल, दिपेशला वाटलं.

धर्मराजशेटनी माइक घेतला. "टाइम चालू!"

"ओण्णु!" मास्तर ओरडले.

दिपेशनं डावा पाय मागे घेतला, कोपर वर केलं. आणि त्याला दिसलं की सनीचाही डावा पाय मागे गेलाय. कोपर वर.

"रेंडु!"

दिपेशनं न आलेला वार अडवला आणि उजवा पाय मागे घेतला. सनीनंही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या एका नजरेत दिपेशला खांद्याचं मलम कळलं, फोनमधला खणखणाट कळला, आणि पहिल्या रांगेत तोंडावर हात ठेवून बसलेल्या प्रियदर्शिनीनं मास्तरांचा नंबर कशाला घेतला होता तेही कळलं.

"मूणु! नालु! अंजु!"

थांबणार कसं? दोघांच्याही पायांत बारा दिवस मुरलेले होते. आठव्या नंबराला दोघांमध्ये एक रिक्षा उभी राहील एवढी जागा झाली. पंधराव्याला टेम्पो. दोन तलवारी आपापल्या हवेशी हळूहळू झुंजत होत्या.

"गो बाय," बोनकोड्याकडची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "यांच्या मदी कोन तिसरा हाय का, आपल्याला दिसत नाय असा?"

"लांबनं खेळायचा परकार असंल," साताऱ्याकडून खुलासा आला.

"निस्ता लांबनं न्हाय. घरला चाललीत दोघं."

"मास्तर," दिपेश दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, डोळे उघडा!"

"इरुपत्ति ओण्णु!" मास्तर आनंदानं ओरडले. इतक्या वर्षांनी त्यांचे नंबर कोणीतरी पाळत होतं.

पंचविसाव्याला दिपेशनं जिवाच्या करारावर एक पाऊल पुढे टाकून पाहिलं. पायात पाय अडकला. पुढे जायचा नंबर त्याला कोणी दिलेलाच नव्हता. तिकडे सनीनंही तेच केलं असावं, कारण तो एका वेटरला धरून सावरत होता.

"अय दाजी!" सनी हॉलच्या पलीकडच्या टोकावरून कळवळून ओरडला, "तुमी या ना पुढं!"

"तू ये!"

"मला येत नाय!"

"मुप्पत्ति एट्टु!"

हौसेराव पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेला आले होते. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, जसं कोणी रेल्वे फाटकात उभं आहे आणि दोन्हीकडून गाडी येत नाहीये.

"नाप्पत्ति रेंडु!"

बेचाळिसावा. दिपेश पाठीमागे स्टेजच्या तीन पायऱ्या चढला. गर्रकन वळला. छातीवर हात ठेवला. आकाशाच्या जागी झुंबर होतं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यातल्या त्यात डौलात गडगडत खाली येऊन थेट हौसेरावांच्या चपलांपाशी थांबला. त्याच क्षणी हॉलच्या दुसऱ्या टोकाला दोनशे पापड एकदम मोडल्याचा आवाज झाला.

धर्मराजशेटनी घड्याळ पाहिलं.

"पाच मिनिटं बेचालीस शेकंद!" धर्मराजशेट माइकवर गरजले. "टिकला!"

बोनकोड्याकडून टाळ्या पडल्या. हौसेराव उभे राहिले, तशा थांबल्या.

"टिकला, पन कुनापुढं?" ते म्हणाले. "ह्यो हिकडं, त्यो तिकडं. मधी चाळीस फूट. ह्याला लढाई म्हनत्यात व्हय?"

"टाइम तर भरला ना, पावनं?"

"टायम तर बस-श्टापवर बी भरतो! काय न्हाय. तारीख-बिरीख पुढच्या साली बगू."

प्रियदर्शिनी धावत येऊन दिपेशजवळ गुडघ्यावर बसली. "चूक माझी आहे," ती कुजबुजली. "सनी रविवारी आखाड्यात जातो सांगून टर्फवर क्रिकेट खेळतो. त्याला काही येत नव्हतं, रडत होता. मला वाटलं, दोघंही एकाच मास्तरांकडे शिकले तर कोणाला लागणार नाही."

"कोणाला लागलं नाही," दिपेश पडल्या पडल्या म्हणाला.

"अहो, चार माणसांत आमच्या रक्ताचं हसं झालं!" हौसेराव आता पुरते तापले होते. त्यांनी वाकून दिपेशच्या हातातली तलवार हिसकावली. "आमच्या गावची पोरं ह्याच्यापेक्षा बरी खेळत्यात. तलवार कशी चालवत्यात ती बगा एकदा!"

हे त्यांनी रागाच्या भरात म्हटलं. पण सातारा उठून उभा राहिला.

"होऊ द्या, मामा!"

"दाखवा मुकादम, जत्रेतला हात!"

"अरे, लिंबू आना, लिंबू!" कोणीतरी सॅलडच्या टेबलाकडे धावलं. साठ-सत्तर मोबाइल वर झाले. मास्तरांनी गलका ऐकला, नवा शिष्य उभा राहिला असं समजून मांडीवरचे हात सावरले आणि डोळे न उघडता म्हणाले, "ओण्णु!"

हौसेराव जागचे हलले नाहीत.

दिपेश त्यांच्या पायाशीच पडला होता, म्हणून जे कोणालाच दिसत नव्हतं ते त्याला खालून दिसलं. बारा दिवसांत त्याला एक गोष्ट नक्की कळली होती: अंगठा कुठं ठेवतात. हौसेरावांचा अंगठा तिथं नव्हता. त्यांनी तलवार मुठीत उलटी धरली होती, पातं खाली, जसा गोणीत रुतवायचा आकडा धरतात तसा. आणि समोर रंगूबाई पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. हसू दाबताना खांदे हलत होते.

"मामा," दिपेश ओठ न हलवता म्हणाला. "जत्रेत तुम्ही नक्की काय करायचात?"

हौसेरावांनी खाली पाहिलं नाही. "हलगी," ते तितक्याच हळू म्हणाले.

"वाजवायचात?"

"लय भारी वाजवायचो."

एक माणूस लिंबू घेऊन आला. दुसरा ते कोणाच्या डोक्यावर ठेवायचं ते विचारू लागला. सगळ्यांचं बोट शिष्टाचारानं धर्मराजशेटकडे वळलं. धर्मराजशेट माइक ठेवून दोन पावलं मागे गेले, न शिकवता.

"मामा, तलवार खाली ठेवायला काहीतरी मोठं कारण पाहिजे."

"हाय का तुझ्याकडं?"

"एक आहे. पण ते तुम्हालाच सांगावं लागेल. जोरात."

हौसेरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि मार्केटभर ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडले, "भटजी! मुहूर्त कवापर्यंत हाय?"

भटजी पापड वेचत होते. "बारा सत्तावन्न! झालीच की वेळ!"

"बगा! मुहूर्त टळायला आला आन् तुम्हाला खेळ सुचत्यात?" हौसेरावांनी तलवार गालिच्यावर टाकली, इतक्या सुटकेनं, की अॅल्युमिनियमची पट्टी दोनदा उसळली. "शुभकार्यात शस्त्र? वाडवडलांनी शिकवलंय का असं? आधी अंगठ्या! आन् भटजी, लग्नाची जवळातली जवळ तारीख कुठली?"

"तेवीस नोव्हेंबर. पण तुम्ही तर पुढच्या साली—"

"कोन म्हनलं पुढच्या साली? लिवा तेवीस!"

हॉलमध्ये एकच गलका झाला. प्रियदर्शिनी रडायला लागली, मग हसायला लागली, मग तिनं दिपेशचा चष्मा शोधून त्याच्या नाकावर उलटा बसवला. पापडांच्या ढिगातून सनीनं एक हात वर केला आणि 'दाजी' अशी हाक मारली. मास्तरांनी शेवटी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही टोकांना एकेक मेलेला माणूस पाहिला, आणि दोन्ही हात जोडून सगळ्या हॉलला नमस्कार केला. गर्दीला वाटलं, हाच कार्यक्रमाचा शेवट. टाळ्या पडल्या. सतरा मरणांत एकही पडली नव्हती.

हौसेरावांनी दिपेशला उठवायला हात पुढे केला. तो उठला, तसं त्यांनी त्याला मिठीत ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"त्या मास्तराचा नंबर दे."

"कशाला, मामा?"

"कशाला काय? लग्नात ही समदी लिंबू घेऊन येनार."

"पण त्यांना फक्त मरायलाच शिकवता येतं."

हौसेरावांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. रंगूबाई खुर्च्यांमधून वाट काढत येत होत्या. पदर आता तोंडातून काढला होता आणि संसाराची अठ्ठावीस वर्षं साठवलेलं काहीतरी बोलायच्या बेतात होत्या.

"मग आजच सुरू करू," हौसेराव म्हणाले.